एम.ए.चा संशोधन प्रकल्प कसा लिहावा: विषय ठरवण्यापासून बाइंडिंगपर्यंत

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी 2023-24 पासून नवे शैक्षणिक धोरण एम.ए.ला लावले, तेव्हापासून दुसऱ्या वर्षीचा संशोधन प्रकल्प कुणाला चुकत नाही. नेहमीच्या आराखड्यात त्याला तिसऱ्या सत्रात 4 क्रेडिट आहेत आणि चौथ्यात 6. एका क्रेडिटमागे 30 तास धरले तर हे काम 300 तासांचे होते; लिहून मात्र होते शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. त्या घाईने गुण जातात हे खरे, पण त्याहून जास्त गुण पहिल्या आठवड्यात प्रश्न नीट न ठरल्याने जातात. पुढचा मजकूर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत मराठीतून प्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी आहे. साहित्य आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मुलाखतींचा भाग सोडून बाकीचा वाचावा.

आधी एक कंटाळवाणे काम उरकून घ्या. विभागाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम काढून त्यातून पाच गोष्टी वहीत उतरवा: शब्दांची किंवा पानांची मर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत, लेखी भाग आणि तोंडी परीक्षा यांतली गुणांची वाटणी, समानता-तपासणीची (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे सॉफ्टवेअरने पाहण्याची) टक्केवारी, आणि किती प्रती कोणत्या तारखेपर्यंत द्यायच्या. यातले जे लेखी सापडत नाही ते मार्गदर्शकांना विचारा. वरच्या बॅचचा प्रकल्प नमुना म्हणून पुढ्यात ठेवण्याची प्रथा आहे, पण त्यातल्या चुकाही प्रथेसारख्याच पुढे येतात. जुना प्रकल्प फक्त मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्रांचा क्रम पाहण्यापुरता वापरा.

विषयाचा प्रश्न करा

'ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या: एक अभ्यास'. अशी शीर्षके दर वर्षी येतात. यात गाव नाही, इयत्ता नाही, काळ नाही आणि मुख्य म्हणजे प्रश्न नाही. अशा शीर्षकाखाली काहीही लिहिता येते, म्हणून शेवटी काहीच सिद्ध होत नाही. ते तीन टप्प्यांत आवळा.

पहिला टप्पा जागेचा आणि माणसांचा. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यातले एक गाव, तिथली जिल्हा परिषदेची एक शाळा आणि इयत्ता 5वी ते 7वीची मुले. दुसरा टप्पा एका बाबीचा. 'शैक्षणिक समस्या' या पोत्यातून एकच बाहेर काढा, उदाहरणार्थ हंगामातली उपस्थिती. तिसरा टप्पा प्रश्नचिन्हाचा: 'आईवडील तोडीला गेल्यावर गावात राहिलेल्या मुलांपैकी कुणाची उपस्थिती टिकते, कुणाची तुटते आणि त्यामागे घरातली कोणती व्यवस्था असते?' आता काय मोजायचे (हजेरीपट), कुणाला भेटायचे (मुले, आजी-आजोबा, शिक्षक) आणि काय सोडून द्यायचे (साखर कारखान्यांचे राजकारण, मुकादमाने मजुरांना आगाऊ दिलेली उचल) हे आपोआप ठरते. सोडून दिलेल्या गोष्टी मर्यादांच्या परिच्छेदात एका वाक्यात नोंदवायच्या.

प्रश्न ठरला की त्याची कॅलेंडरशी गाठ घाला. हे जवळजवळ कुणी करत नाही. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. चौथे सत्र जानेवारीत सुरू होते. म्हणजे ज्या पालकांच्या मुलाखती घ्यायचा बेत आहे ती माणसे त्या वेळी गावात नसतात, दुसऱ्या जिल्ह्यात कारखान्याच्या परिसरात कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत) असतात. मग एकतर प्रश्न गावात राहिलेल्यांपुरता ठेवा किंवा पालकांशी बोलण्याचे काम तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला, ते जायच्या आधी उरका. शेतीवर प्रश्न असेल तर पेरणी आणि काढणीचे दिवस, शाळेवर असेल तर परीक्षांचे, ग्रामपंचायतीवर असेल तर मार्चअखेरचे पाहून घ्या.

उद्दिष्टे तीनच पुरतात, फार तर चार. 'अभ्यास करणे', 'आढावा घेणे', 'शोध घेणे' या क्रियापदांनी संपणारी उद्दिष्टे पूर्ण झाली की नाही हे तपासता येत नाही. त्याऐवजी 'जून ते सप्टेंबर आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दोन काळांतील उपस्थितीची तुलना करणे' असे लिहा. गृहीतकाबद्दल (म्हणजे तपासून पाहायच्या विधानाबद्दल): 20-25 मुलाखतींवर संख्याशास्त्रीय अर्थाने गृहीतक सिद्ध होत नाही. विभागाच्या साच्यात ते सक्तीचे असेल तर असे लिहा की तुमच्याच माहितीने ते खोटे ठरू शकेल. 'शिक्षणाने विकास होतो' हे गृहीतक कुणीच पाडू शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे.

वाचन आणि नोंदी

शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्या संग्रहात भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात, मराठीतलेही. प्रबंध पूर्ण वाचत बसू नका. त्याचे पहिले प्रकरण आणि संदर्भसूची वाचा. सूचीतून मूळ पुस्तके आणि लेख हाती लागतात. मराठी विश्वकोश संकल्पना समजून घ्यायला चांगला, पण तुमच्या युक्तिवादाचा आधार म्हणून नको. पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा आणि एकदा निवडलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवा. एका प्रकरणात 'स्थलांतर', दुसऱ्यात 'स्थानांतर' आणि तिसऱ्यात 'मायग्रेशन' आले की परीक्षकाला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, किंवा तीन वेगळ्या ठिकाणांहून उचललेला मजकूर वाटतो.

प्रत्येक नोंदीवर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: लेखक आणि ग्रंथ, आवृत्तीचे वर्ष, पान क्रमांक, आणि हे शब्द मूळ लेखकाचे आहेत की तुमचे. मूळ शब्द असतील तर वहीतच अवतरणचिन्हे घाला. तीन महिन्यांनी तुम्हाला आठवणार नाही. पुस्तक ग्रंथालयात परत गेलेले असते, पान क्रमांक सापडत नाही, आणि दुसऱ्याचे वाक्य तुमचे म्हणून छापले जाते. चोरीचा हेतू नसताना झालेल्या वाङ्मयचौर्याची वाट बहुधा या वहीतूनच जाते.

पूर्वाभ्यासाच्या, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याच्या, प्रकरणात सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे पुस्तकामागून पुस्तक. एकाने हे म्हटले, नवा परिच्छेद. दुसऱ्याने ते म्हटले, नवा परिच्छेद. वाचकाला यातून सूची मिळते, चर्चा मिळत नाही. मुद्द्यांप्रमाणे मांडणी करा. समजा हंगामी वसतिगृहांबद्दल चार अभ्यास सापडले. दोघे म्हणतात उपस्थिती सुधारते, एक म्हणतो फक्त मुलग्यांची, एकाने फक्त सरकारी आकडे घेतले आहेत. हे चौघे एकाच परिच्छेदात बोलले पाहिजेत, आणि शेवटच्या वाक्यात तुमचा प्रश्न या चौघांनी सोडलेल्या जागेत कुठे बसतो ते आले पाहिजे. 12 ते 15 स्रोत असे वापरलेले, 40 नुसते नोंदवलेल्यांपेक्षा अधिक गुण मिळवतात.

माहिती गोळा करताना

प्रश्नावली छापण्याआधी तीन माणसांवर चालवून पाहा. 'तुम्हाला शिक्षणाचे महत्त्व वाटते का?' याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी 'मागच्या आठवड्यात मुलगा किती दिवस शाळेत गेला? नाही गेला त्या दिवशी काय करत होता?' असे विचारा. मत विचारण्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारली की उत्तर खरे येते.

शाळेत जाण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. मुले अल्पवयीन असल्याने पालकांची किंवा सांभाळणाऱ्या आजी-आजोबांची संमतीही घ्या. सही येत नसेल तर तोंडी संमती ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला घ्या. नावे बदला, पण तेवढ्याने भागत नाही. गावाचे नाव देऊन 'या गावातील माजी सरपंच महिला' असे लिहिले तर बदललेल्या नावाचा काय उपयोग? गावाचे नावही बदला आणि तालुक्यापर्यंतच थांबा.

मुलाखत झाली त्याच रात्री नोंदी उतरवा. बोललेले उतरवताना बोली सुधारू नका. माणूस 'ठिवली' म्हणाला असेल तर 'ठेवली' करू नये. उद्धृत वाक्य त्याच्याच भाषेत, स्पष्टीकरण तुमच्या प्रमाण भाषेत. सगळ्या मुलाखती एकसारख्या पुस्तकी मराठीत छापल्या की परीक्षकाला पहिली शंका येते ती मुलाखती झाल्या होत्या का, याचीच.

लिहायला बसताना

समजा मर्यादा 15,000 शब्दांची आहे. प्रस्तावना आणि प्रश्न 2,000, पूर्वाभ्यास 3,000, संशोधनपद्धती 1,500, विश्लेषण 6,500, निष्कर्ष 2,000. देवनागरीत 14 आकाराच्या अक्षरांत, दीड ओळींच्या अंतराने एका पानावर 250 ते 300 शब्द बसतात, म्हणजे 50 ते 60 पाने. प्रत्यक्षात हातात येणाऱ्या प्रकल्पांत पहिली 25 पाने राज्याचा भूगोल, शिक्षणाच्या व्याख्या आणि योजनांची यादी यांत संपलेली असतात. जिल्ह्याचे क्षेत्रफळ आणि नद्यांची नावे तुमच्या प्रश्नाला लागत नसतील तर काढून टाका, कितीही कष्टाने जमवली असली तरी.

लिहिण्याचा क्रम छपाईच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा. पद्धतीचे प्रकरण आधी लिहा, कारण काय केले ते ताजे असते. मग विश्लेषण, मग पूर्वाभ्यासाची अंतिम मांडणी, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. पद्धतीच्या प्रकरणात संशोधनाच्या दहा व्याख्या नकोत. कोणते गाव (बदललेल्या नावाने) आणि का, किती जण आणि कसे निवडले, कितींनी नकार दिला, कोणत्या महिन्यांत भेटी झाल्या, हजेरीपट कोणत्या वर्षाचा पाहिला, एवढेच सांगा.

विश्लेषणाचे प्रकरण म्हणजे प्रकल्पाचा प्राण, आणि तिथेच एक ठरलेली खोड दिसते. प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नाला एक तक्ता, एक रंगीत वर्तुळालेख, आणि खाली तेच आकडे पुन्हा शब्दांत. 20 प्रश्न, 20 तक्ते, 20 आलेख, आणि विश्लेषण शून्य. त्याऐवजी उद्दिष्टानुसार विभाग करा आणि दोन गोष्टी एकमेकांसमोर ठेवा: उपस्थिती आणि घरी सांभाळणारे कोण, उपस्थिती आणि मुलगा की मुलगी, उपस्थिती आणि शाळेचे अंतर. असे चार-पाच तक्ते वीस साध्या तक्त्यांना भारी पडतात. प्रत्येक तक्त्याला क्रमांक, शीर्षक आणि खाली स्रोत हवा.

टक्केवारी जपून वापरा. 15 मुलांपैकी 5 म्हणजे 33.33 टक्के हे गणित बरोबर आहे, पण दशांशाची दोन स्थळे खोटी अचूकता दाखवतात. 30 पेक्षा कमी जण असतील तर सरळ '15 पैकी 5' लिहा. आणि जे एक-दोन घर बाकीच्यांच्या उलट निघाले, त्याला पुसू नका. सगळ्या घरांत आजी असताना उपस्थिती टिकली आणि एकाच घरात तुटली, तर त्या घरावर अर्धे पान लिहा. बहुधा प्रकल्पातले सर्वांत चांगले पान तेच होते.

निष्कर्षात नवी माहिती आणू नका, आणि ज्यांचा विश्लेषणात मागमूस नाही अशा शिफारशी करू नका. एका शाळेच्या अभ्यासावरून 'शासनाने राज्यभर' असे वाक्य सुरू झाले की पेन थांबवा.

वाक्यरचनेबद्दल थोडेसे. 'प्रस्तुत संशोधकाने सदर अभ्यासामध्ये असे निदर्शनास आणून देण्यात आले आहे की' हे वाक्य व्याकरणानेही कोसळते. विभागाला 'मी' चालत असेल तर 'मी' लिहा, नसेल तर 'संशोधक', पण मध्येच बदलू नका. 18 लेखननियमांची यादी (1962 चे 14 आणि 1972 चे 4) हाताशी ठेवा. 'पध्दत', 'दृष्टीकोन' आणि 'शेतकर्यांचे' हे तीन दोष तर शोध-बदलाच्या एका फेरीत जातात. तिथे 'पद्धत', 'दृष्टिकोन' आणि 'शेतकऱ्यांचे' हवे.

संदर्भ, आणि मराठी ग्रंथांची खास अडचण

सूचीत ग्रंथाची नोंद अशी: आडनाव, नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशन संस्था, गाव, आवृत्ती, वर्ष. विभागाने एपीए किंवा एमएलए ही इंग्रजीतली संदर्भपद्धत सांगितली असेल तर क्रम बदलेल, घटक तेच राहतील. इंग्रजी पुस्तकांपुरते हे सोपे. जुन्या मराठी पुस्तकांत मात्र पाच-सहा गोष्टी अडतात.

वर्ष फक्त शकात दिलेले असेल तर त्यात 78 मिळवा; पुस्तक जानेवारी ते मार्चमधले असेल तर 79. शके 1830 म्हणजे 1908 किंवा 1909. वर्षच छापलेले नसेल तर अंदाज न बांधता 'प्रकाशनवर्ष नाही' लिहा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण पुन्हा पुन्हा तपासा: दुसऱ्या आवृत्तीतले पान पहिल्या आवृत्तीत वेगळे असते, आणि परीक्षकाच्या कपाटात पहिलीच असू शकते. वर्तमानपत्राला तारखेबरोबर आवृत्तीचे गाव लागते, कारण पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या अंकांत बातमी वेगळ्या पानावर किंवा मुळीच नसते. शासन निर्णयाला विभागाचे नाव, निर्णय क्रमांक आणि दिनांक द्या; निर्णयावर छापलेला संगणक सांकेतांक दिला तर शासनाच्या संकेतस्थळावर तो लगेच सापडतो. मुलाखतीला बदललेले नाव, तालुका आणि तारीख. इंग्रजी उतारा तुम्हीच मराठीत केला असेल तर तळटीपेत 'भाषांतर संशोधकाचे' असे लिहा.

तळटीपांत 'तत्रैव' (लगेच वरच्या टीपेतलाच ग्रंथ) आणि 'उ. नि.' (आधी उल्लेखलेला ग्रंथ) वापरत असाल तर ते शेवटच्या वाचनापर्यंत लिहू नका. मसुद्यात एक परिच्छेद वर सरकला की 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. तोवर प्रत्येक ठिकाणी पूर्ण नोंद ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने संदर्भ मागितले की अगदी खरेसे वाटणारे, अस्तित्वात नसलेले ग्रंथ देतात. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे आणखी वाढते. नियम साधा ठेवा: जे पान तुम्ही पाहिले नाही ते सूचीत येणार नाही. साधन वापरण्याची मुभा किती, हे विभागाला विचारा आणि वापरले असेल तर पद्धतीच्या प्रकरणात सांगा.

समानता-तपासणी आणि युनिकोड

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत समानतेच्या पायऱ्या अशा आहेत: 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करायचे, तेही जास्तीत जास्त सहा महिन्यांत, 40 ते 60 टक्क्यांना एक वर्ष सादर करता येत नाही, 60 च्या वर नोंदणी रद्द. त्या नियमांच्या व्याख्येत पदव्युत्तर डेझर्टेशन (लघुप्रबंध) येते. असाइनमेंट आणि प्रकल्प अहवाल वगळले आहेत. पण विभागाने 10 टक्क्यांची मर्यादा प्रकल्पालाही लावली असेल तर तुम्हाला विभागाचेच ऐकावे लागेल. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि सलग 14 शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणी मोजायची नसते. अहवालात त्या धरल्या असतील तर गाळून पुन्हा काढून घ्या.

सगळा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीच्या फाँटात केलेली फाइल तपासणीच्या सॉफ्टवेअरला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसते, आणि 0 टक्के समानता येते. तो 0 परीक्षकाला लगेच कळतो. तीच गोष्ट इंग्रजी लेखातून श्रेयाशिवाय मराठीत केलेल्या परिच्छेदांची: सॉफ्टवेअरला सापडत नाहीत, वाचणाऱ्याला सापडतात, कारण मराठी वाक्यांचा सांगाडा इंग्रजी राहिलेला असतो.

युनिकोडमध्येही एक खोडी आहे. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा र च्या पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेले की अर्धे सुटतात. 'ॲ' चेही तसेच. सुरुवातीलाच एक कीबोर्ड ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मोबाइलवर आवाजाने टाइप केलेला मजकूर चिकटवला की ही सरमिसळ होते.

छपाई, आणि तोंडी परीक्षा

प्रकरणांच्या शीर्षकांना वर्डमधली हेडिंग शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होते आणि पाने बदलली तरी आकडे चुकत नाहीत. डाव्या बाजूला दीड इंच समास ठेवा, नाहीतर बाइंडिंगमध्ये ओळींची पहिली अक्षरे गिळली जातात. दुकानात वर्डची फाइल कधीही नेऊ नका. तिथल्या संगणकावर तुमचा फाँट नसला की पानांची मोडतोड होते. फाँट आत बसवलेली पीडीएफ न्या, आधी एकच प्रत काढून पूर्ण पाहा आणि मगच बाकीच्या काढा. मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांच्या सह्या बाइंडिंगच्या आधी घ्यायच्या असतात. त्या दोघांपैकी एकजण नेमका त्या आठवड्यात रजेवर असतो, म्हणून आठ दिवस हातात ठेवा.

तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न पद्धतीवर येतात: हेच गाव का, 24 जणच का, नकार कुणी दिला, हजेरीपटातली हजेरी खरी आहे हे कशावरून. शेवटच्या प्रश्नाला 'शिक्षकांनी सांगितले' हे उत्तर चालत नाही. तुम्ही स्वतः वर्गात बसून मोजलेले दोन-तीन दिवस असतील तर ते सांगा. मूळ प्रश्नावल्या, ध्वनिमुद्रणे आणि मसुद्यांच्या जुन्या फाइली सोबत न्या, आणि निकालाची गुणपत्रिका हातात येईपर्यंत त्यातले काही पुसू नका.